अबूधाबीची स्वस्त कार्बाइन : घ्यावी की न घ्यावी?



पांढऱ्या केसांच्या नर्सबाईने बंदुकीवर लेख लिहावा, याचं काहींना नवल वाटेल. पण बंदुकीचं काम आम्ही इस्पितळात दुसऱ्या टोकाकडून पाहिलं आहे. आणि हल्ली चार माणसं जमली की हा विषय निघतोच. म्हणून म्हटलं, एकदा शांत डोक्याने फायद्या-तोट्याचा हिशेब मांडू या. उदाहरण अमिरातीचं घेतलं आहे, कारण त्यात इस्रायल, भारत आणि आपला महाराष्ट्र हे तिन्ही धागे गुंफलेले आहेत.

अबूधाबीत २००७ साली कॅराकल नावाची कंपनी पुढे आली. बालमित्रांनो, कॅराकल म्हणजे लांब, काळ्या कानांचा रानबोका. मराठीत त्याला शशकर्ण म्हणतात, तो कच्छ-राजस्थानातही आढळतो. कंपनीने आधी पिस्तुलं केली, मग रायफली. त्यातल्या एका रायफलीचं नाव कार ८१६. तिला ‘सुलतान’ असंही म्हणतात. येमेनच्या युद्धात २०१५ साली मारल्या गेलेल्या सुलतान अल कित्बी या अमिराती अधिकाऱ्याची ती आठवण. म्हणजे नावातच एका घरचं दुःख आहे. तिची आखूड नळीची जात ती कार्बाइन.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, तेही सोप्या भाषेत सांगतो. मुंबईच्या पोलिसांच्या खांद्यावर पूर्वी थ्री-नॉट-थ्री दिसायची. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये चाप एकदा दाबला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि पुढची गोळी आपोआप बसते. हे सगळं जळलेल्या दारूच्या वायूच्या जोरावर होतं. कार ८१६ मध्ये हा वायू एका दांड्याला धक्का देतो, त्यामुळे काजळी आतल्या यंत्रात कमी शिरते. सैन्याच्या कार्बाइनीत सलग गोळ्या झाडायचीही सोय असते, पण नेम धरून काम करायचं तर एकेक गोळीच बरी.

आता मुख्य गोष्ट. भारतीय सैन्याला तातडीने ९३,८९५ कार्बाइनी हव्या होत्या. २०१८ साली कॅराकलची बोली सर्वांत कमी ठरली. सरकारी भाषेत याला एल-वन म्हणतात. ज्यांनी निविदांचे कागद हाताळले आहेत, त्यांना हा शब्द चांगला ठाऊक असेल.

फायदे उघड होते. किंमत कमी. माल तयार, म्हणजे लवकर मिळणार. गोळी ५.५६ मिलिमीटरची, म्हणजे भारताच्या इन्सास रायफलीच्याच मापाची. आणि ज्या मुलखात धूळ आणि उन्हाळा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही, तिथला हा माल.

तोटेही होते. कंपनी तशी तरुण. तिची पिस्तुलं २०१३ साली अमेरिकेत सुरक्षेच्या कारणावरून परत मागवावी लागली होती. सुटे भाग समुद्रापलीकडून यायचे, भांडण झालं किंवा वाट बंद झाली तर काय? शिवाय वाळवंटात चालणारं हत्यार बर्फात चालेलच असं नाही. मात्र घरचा माल म्हणजे डोळे मिटून चांगला, असंही नव्हे हं! इन्सास रायफल आपल्या पुण्याच्या प्रयोगशाळेत आखलेली, तरी १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्याच.

आम्ही एका इस्पितळात होतो, तिथे एकदा सर्वांत कमी दराचे हातमोजे आले. पेटीमागे पैसे वाचले म्हणून ऑफिस खूश. पण मोजे घालतानाच फाटायचे, म्हणून प्रत्येक वेळी दोन-दोन जोड्या लागायच्या. महिनाअखेर खर्च वाढलेलाच. तेव्हापासून एल-वन म्हटलं की आम्ही विचारतो, पहिल्या दिवसाचा भाव कळला, पण वर्षभराचा कोणता?

शेवटी भारताने २०२० साली ही खरेदी रद्द केली, माल देशातच बनवायचं ठरवलं. पुढे ३० डिसेंबर २०२५ रोजी ४.२५ लाख कार्बाइनींचा करार झाला, रक्कम २,७७० कोटी रुपये. मोटा हिशेब केला तर एका कार्बाइनीमागे, जोडसामानासकट, सुमारे पासष्ट हजार. यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जचा, कार्बाइन पुण्याच्याच प्रयोगशाळेच्या मदतीने आखलेली. उरलेला वाटा ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरच्या कारखान्याचा, आणि त्यात भागीदार कोण? आपल्या किर्यात गातची आयडब्ल्यूआय! कॅराकलनेही भारत सोडला नाही. हैदराबादच्या कंपनीशी जोड करून २०२५ साली तिथे कारखाना काढला.

म्हणजे निर्णय बरोबर ठरला का? कारखाने उभे राहिले, सुटे भाग घरात मिळतील, हे खरं. पण २०१८ ते २०२५ ही सात वर्षं पहाऱ्यावरचा जवान कशावर उभा होता? पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखलेल्या स्टर्लिंगच्या वळणाच्या जुन्या कार्बाइनीवर. थांबण्यालाही किंमत असते, आणि ती निविदेच्या कागदावर कुठे लिहिलेली नसते. आपले कित्येक पूर्वज मुंबई इलाख्याच्या पलटणींत सुभेदार, जमादार होते. त्यांना हे सांगायची गरज पडली नसती.

हा झाला देशाचा हिशेब. घराचा हिशेब मात्र निराळा आहे.

आमच्या भाचीचं बिऱ्हाड दुबईत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमिरातीत रब्बी ज़्वी कोगन यांचा खून झाला, तेव्हा आपल्या माणसांच्या पोटात गोळा आला. खुन्यांना २०२५ साली तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, पण भीती शिक्षेने जात नाही. आम्ही तिकडे गेलो असताना जावईबापू म्हणाले, “मावशी, एखादी स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक घरात असती तर निदान झोप तरी लागली असती.”

आम्ही म्हटलं, “जावईबापू, इथे तर विचारूच नका. २०१९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा मोठा गुन्हा आहे. आणि इस्रायलमध्येही साध्या नागरिकाला परवाना मिळतो तो बहुतेक पिस्तुलाचा, रायफलीचा नव्हे.”

“पण समजा मिळाली तर?”

“मिळाली तरी रायफलीची गोळी खोलीच्या पातळ भिंतीला जुमानत नाही. पलीकडे तुमचीच मुलं निजलेली. लोखंडी पेटी हवी, गोळ्या वेगळ्या ठेवायला हव्यात, सराव हवा. एवढं सगळं कुलपात ठेवलं, तर चोर येईल तेव्हा तुम्ही किल्ली शोधत बसाल. आणि कुलपात नाही ठेवलं, तर ती आधी मुलांच्या हाती लागेल.”

भाची आतून म्हणाली, “मावशी, आता हेच त्यांना रोज सांग!”

जे जावईबापूंना सांगितलं नाही, ते इथे लिहितो. घरातल्या बंदुकीचा धोका नेहमी बाहेरच्या माणसालाच असतो असं नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली शब्बाथच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या सैनिकांनी बंदूक तळावरच ठेवावी असा नियम आणला. २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, की स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेणाऱ्या तरुण सैनिकांची संख्या ४० टक्क्यांनी घटली. घट झाली ती मुख्यतः सुट्टीच्या दिवसांत, एरवीच्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे हत्यार हाताशी नव्हतं म्हणून वाईट घटका टळली, आणि मुलं वाचली. औषधांचं कपाट आम्ही उगाच कुलूपबंद ठेवत नव्हतो!

तोरात नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधायला सांगितलं आहे, कुणी पडू नये म्हणून. बंदुकीलाही असाच कठडा हवा. देशाला ती घ्यावीच लागते. तेव्हा त्याने भाव, चाचणी, सुटे भाग आणि वेळ, चारही गोष्टी तोलून घ्यावी, आणि एकदा ठरलं की जवानाला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवू नये. घरासाठी मात्र आमचं मत स्पष्ट आहे. स्वस्त असो की महाग, रायफल नको.

आणि आजीआजोबांनो, सैन्यातला नातू किंवा नात बंदूक घेऊन घरी आली, तर ताट वाढण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला, “बाळा, ती कुलपात ठेवलीस ना?” दुसरा, “तुझं मन कसं आहे?” दुसऱ्याचं उत्तर लगेच येत नाही. जवळ बसून राहा.