सहा ग्रॅमचा दिवस

मला दिवसाला सहा ग्रॅम प्रथिनं चालतात. एका अंड्यात साधारण तेवढी असतात. तीस ग्रॅम तूरडाळीचं वरण केलं की ती मर्यादा ओलांडली जाते, आणि दोन पोळ्या खाल्ल्या तरी दिवसाचा सगळा वाटा संपतो. म्हणून डाळ, दूध, दही, मासे, शेंगदाणे, पोळी, भाकरी यांतलं मी काहीच खात नाही. हे सहा ग्रॅम मी बटाटा, थोडा भात, भाज्या आणि फळं यांत वाटून घेते. शरीराला लागणारी बाकीची प्रथिनं पावडरमधून येतात. ती पाण्यात कालवून दिवसातून तीनदा प्यायची. वास उग्र, चव कडवट. चुकवायची मात्र नाही.

मला फिनाइलकिटोन्युरिया, म्हणजे पीकेयू आहे. अन्नातल्या प्रथिनांमध्ये फिनाइलअॅलानिन नावाचं अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक विकर त्याचं टायरोसिन करतं. माझ्यात ते विकर जवळजवळ काम करत नाही, त्यामुळे फिनाइलअॅलानिन रक्तात साठतं आणि मेंदूपर्यंत जातं. तान्हेपणी ते साठू दिलं तर मूल बौद्धिकदृष्ट्या कायमचं मागे पडतं. माझे आईवडील दोघंही ठणठणीत. पण दोघांकडे एकेक सदोष जनुक होतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. बाबा तेव्हा तिथे नोकरीला होते. ब्रिटनमध्ये १९६९ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी होते, आणि मी काही दिवसांची असतानाच तिच्यात सापडले. याच शहरात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांनी शीला नावाच्या एका लहान मुलीसाठी फिनाइलअॅलानिन काढून टाकलेला आहार तयार केला होता. मूल बसत नाही, ओळखत नाही, यावर काहीतरी शोधाच, असं तिची आई रोज प्रयोगशाळेबाहेर उभी राहून सांगायची. आहार सुरू झाल्यावर ती मुलगी रांगायला, उभी राहायला लागली. उशीर झालेला असल्यामुळे ती पूर्ण बरी झाली नाही. पण आहाराने फरक पडतो हे तिच्यामुळे कळलं. माझ्या दृष्टीने माझं शाळेत जाणं, पदवी घेणं, हे लिहिणं, सगळं त्या आईच्या हट्टापासून सुरू होतं.

मी शाळेत जायच्या वयाची झाले आणि आम्ही पुण्याला आलो. फिनाइलअॅलानिन नसलेल्या त्या पावडरचे डबे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सामानातून येत. कमी प्रथिनांचं तयार पीठ, शेवया, बिस्किटं इथे मिळत नव्हती. मग आई आणि आजीने आपल्याच स्वयंपाकघरात शोधाशोध सुरू केली, आणि त्यांना सापडलं उपवासाचं फडताळ.

साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. आरारूट तसंच. तूप, तेल, साखर, गूळ मोजायचीच गरज नाही. साबुदाण्याची खिचडी तुपात, जिरं-मिरची घालून, बटाटा काट्यावर मोजून. साबुदाणा दळून, त्यात दुधी किंवा काकडी किसून तव्यावर थापलेलं थालीपीठ. लाल भोपळ्याचं चिंचगुळाचं भरीत. कोकम सरबत हवं तितकं. आजही माझ्या ताटात हेच असतं. पण उपवासाचं सगळंच चालतं असं नाही. राजगिऱ्यात प्रथिनं भरपूर, वरीतही बरीच. आणि दाण्याचं कूट तर आपल्याकडे खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत, जिथे हात जाईल तिथे पडतं. मूठभर कुटात माझ्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त प्रथिनं असतात. त्यामुळे कोणाकडे जेवायला गेले की मी एकच विचारते, ‘कूट घातलंय का?’

आजीला आणखी एक सुचलं होतं. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तो वारंवार धुतला तर? विचार अगदी बरोबर होता. युरोपातलं कमी प्रथिनांचं पीठ बरंचसं गव्हाच्या स्टार्चचंच असतं. पण घरच्या चिकात किती प्रथिन उरतं ते सांगता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते माझ्या ताटात येऊ शकत नाही. आजीने तो नाद सोडला, पण दर उन्हाळ्यात माझ्यासाठी साबुदाण्याच्या पापड्या वेगळ्या वाळत असायच्या.

आत्या कौतुकाने म्हणते, ‘हिला रोजच एकादशी.’ खरं तर मला खरा उपवास करताच येत नाही. पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा मिळवतं, आणि स्नायू म्हणजे प्रथिनंच. न खाताही माझ्या रक्तातली फिनाइलअॅलानिनची लेव्हल चढते. तापातही तेच होतं. डेंग्यू झाला तेव्हा हे मी नीट अनुभवलं. पावडर पोटात ठरत नव्हती, जेवण जात नव्हतं. ताप उतरल्यावरही डोकं ताळ्यावर येईना. पेपरातला एक परिच्छेद वाचून खाली येईपर्यंत वरचं विसरलेलं असे. हाताला बारीक कंप. घरच्यांचं साधं बोलणंही टोचायचं. अशक्तपणा आहे, विश्रांती घे, असं सगळे म्हणत होते. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर उलगडा झाला.

मोठेपणी पीकेयू सांभाळण्यातली अवघड गोष्ट मला हीच वाटते. लहानपणी काटा आईच्या हातात होता. आता ग्रॅमचा हिशोब, रक्ताची तारीख, पावडरचा साठा सगळं मी पाहते, म्हणजे माझा मेंदू पाहतो. आणि लेव्हल वाढली की आधी ढिला पडतो तो मेंदूच. आपलं बिनसलंय हे ज्याला कळायचं, त्यालाच ते कळेनासं होतं. पूर्वी मेंदूची वाढ झाली की आहार सोडला तरी चालतो असं मानत. आता तज्ज्ञ तो जन्मभर पाळायला सांगतात. म्हणून मी बरं वाटण्या-न वाटण्यावर काही सोपवत नाही. ठरलेल्या तारखेला बोट टोचून रक्ताचे ठिपके कार्डावर घेते, वाळवते, कुरिअर करते. ‘आज तू नेहमीसारखी नाहीस’ असं नवऱ्याने म्हटलं की वाद न घालता काटा आणि वही पुन्हा तपासते. औषधाच्या दुकानात सरबती गोळ्या, शुगर-फ्री सिरप, चघळायच्या गोळ्या यांचं वेष्टन वाचल्याशिवाय घेत नाही, कारण अॅस्पार्टेमच्या वजनात निम्म्याहून जास्त फिनाइलअॅलानिन असतं. ‘नॉट फॉर फिनाइलकिटोन्युरिक्स’ ही बारीक ओळ माझ्यासाठीच छापलेली असते.

सर्वांत कडक शिस्त लागली ती आई व्हायचं ठरवल्यावर. गर्भवतीची लेव्हल चढली तर पोटातल्या बाळाला पीकेयू नसला तरी त्याचं डोकं लहान राहू शकतं, हृदयात दोष येऊ शकतो. म्हणून दिवस राहण्याआधीपासूनच फिनाइलअॅलानिन लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोलमध्ये ठेवायचं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांनी जीव नकोसा झाला. पावडर थंडगार करून घोट-घोट प्यायले, उलटून पडली की पुन्हा कालवली. पुढे बाळ वाढू लागलं, तसा माझा वाटाही वाढला. एरवी न मिळणारा जास्तीचा भात त्या दिवसांत मी अगदी चवीने खाल्ला. मुलगी आता शाळेत जाते, वरणभात तिच्या आवडीचा. वरणात मीठ मी अंदाजाने घालते. चाखायचं काम तिचं.

काही रुग्णांना आता औषधाचा उपयोग होतो. सॅप्रोप्टेरिनला अमेरिकेत २००७ मध्ये मंजुरी मिळाली, पेगव्हॅलिएज इंजेक्शनला २०१८ मध्ये. माझ्या प्रकारात सॅप्रोप्टेरिन लागू पडलं नाही; माझं औषध म्हणजे काटा. भारतातही २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्याखालचं एक केंद्र आहे.

एकदा तपासणीला गेले असता बाकावर माझ्याच वयाची एक बाई आईचा हात धरून बसली होती. आजार तोच. तिचा जन्म इथला, टाचेतून रक्त कोणी घेतलं नव्हतं, निदान झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला बोलता येत नाही. तिच्यात आणि माझ्यात फरक आहे तो फक्त रक्ताच्या त्या काही थेंबांचा.

आपल्याकडे ही तपासणी अजून प्रत्येक बाळाची होत नाही, पण मोठ्या शहरांत ती करून घेता येते. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर नवजात तपासणीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती करून घ्या, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.