बाकड्यावरचं राज्य

दशावतारी नाटकाचं नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की आश्रमातली शिळा, राणी लवंडली की मंचक. पेडणे ते वेंगुर्ले या पट्ट्यातल्या जत्रांत रात्र-रात्र चालणाऱ्या या नाटकाचे संवाद नट ऐन वेळी रचतात. त्यामुळे वन, नगर, स्मशान हेही त्यांना बोलूनच उभं करावं लागतं.

म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेत मी हरिश्चंद्राचं आख्यान पाहिलं. राज्य दान करून राजा बाकड्यावरून उठला. पखवाज थांबला, पेटीचा एकच सूर मागे राहिला. शेताकडून गार वारा येत होता आणि तारामतीने रोहिदासाला पदराखाली घेतलं तेव्हा समोरच्या बायकांनीही आपापली पोरं जवळ ओढली. पुढे काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर झालेला हरिश्चंद्र पहाऱ्याला उभा राहिला, तो त्याच बाकड्यापाशी. मघाशी जिथून तो राज्य करत होता, तिथेच आता मुलाचं प्रेत येणार होतं. चिता दाखवली असती, तर मला ती एवढी भाजली नसती.

सगळ्याच नाटकांना हे चालणार नाही. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ने रंगवलेले पडदे बाजूला सारून खरीखुरी वाटणारी खोली रंगमंचावर आणली, कारण तिथली माणसं घरातल्यासारखी बोलत होती. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त अंगणातला बंद पडलेला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर हवाच, देशपांडे घराण्याची सारी घसरण त्यात गंजत पडलेली आहे. उलट ‘घाशीराम कोतवाल’मध्ये 1972 साली जब्बार पटेलांनी माणसांचीच भिंत केली. तिने पाठ फिरवली की पुणं पाठ फिरवतं.

आता दशावताराच्या जाहिरातींत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द असतो. धूर, रंगीत झोत, फुत्कारणारा नाग. पोरं टाळ्या पिटत पुढे सरकतात आणि त्यांचा आनंद खराच असतो. राक्षसाच्या वधाला हा थाट शोभतोही. पण हरिश्चंद्राच्या स्मशानात धूर सोडला की नजर धुरामागे जाते आणि तारामतीचं बोलणं निसटतं. मंडळांनी निदान त्या एका प्रवेशापुरता तरी धूर सोडू नये, एवढं मागणं आहे.