पेरूच्या झाडावरचा पासवर्ड

बार्सिलोनाला जाणार म्हटल्यावर ऑफिसात प्रत्येकाने एकच सल्ला दिला, ‘खिसे सांभाळ गं!’ आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, ‘अरे, दहा वर्षं डोंबिवली-दादर केलंय. मला काय सांगता?’

निमित्त होतं मोबाइल वर्ल्ड काँग्रेसचं. मोबाइलच्या दुनियेतली ही सगळ्यात मोठी जत्रा २००६ पासून बार्सिलोनात भरते. मार्च २०२५ मध्ये आमच्या कंपनीचाही तिथे एक छोटासा स्टॉल होता. चार दिवस उभं राहून पायांचे तुकडे पडले, पण डेमो मस्त झाले. शेवटच्या संध्याकाळी मी आणि माझी कलीग सुटलो ते थेट ला राम्ब्लावर.

ला राम्ब्ला म्हणजे प्लासा दे कातालुन्यापासून समुद्राकडे, कोलंबसच्या खांबापर्यंत उतरत जाणारा सव्वा किलोमीटरचा रस्ता. मधला भाग पायी चालणाऱ्यांचा, गाड्या बिचाऱ्या कडेकडेने. मध्येच बोकेरिया मंडई, फळांचे रंगीबेरंगी ढीग, जमिनीवर खोआन मिरोचं मोझेक. दुरुस्तीसाठी खोदकामही चालू होतं, त्यामुळे अगदी घरच्यासारखं वाटलं! एका कॅफेबाहेर बसलो. चुरोस आले, दाट हॉट चॉकलेट आलं. फोटो काढला आणि फोन टेबलावर ठेवला.

एक मुलगा आला. हातात कागद, चेहरा गरीब. स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारत त्याने तो कागद आमच्यासमोर टेबलावर पसरला. आम्ही ‘नो, नो’ म्हटलं. तो हसला, कागद उचलला, गेला.

कागदाखालचा फोनही गेला!

खरी गंमत पुढे आहे. डेमोच्या वेळी स्क्रीन सारखी बंद पडू नये म्हणून मी दहा मिनिटांचा टाइमआउट ठेवला होता, तो बदलायला विसरले होते. म्हणजे त्याला फोन मिळाला तो चक्क उघडा. आत ऑफिसची मेल, क्लायंटच्या फाइल्स, गॅलरीत पासपोर्ट, आधार आणि पॅनचे फोटो... आणि नोट्समध्ये दोन एटीएम पिन. हो, आयटीत काम करते मी. हसा.

कलीगच्या फोनवरून माझ्या गुगल खात्यात शिरायला गेले. पासवर्ड बरोबर. मग गुगलने विचारलं, तुमच्या मोबाइलवर पाठवलेला कोड सांगा. त्याच मोबाइलवर! बँकेचा ओटीपीही तिथेच जाणार. त्या क्षणी लख्ख कळलं, घराची, कपाटाची, तिजोरीची, सगळ्या किल्ल्या मी एकाच जुडग्यात अडकवल्या होत्या आणि ते जुडगं टेबलावर ठेवून चुरोस खात बसले होते.

ऑफिसला कळवायला मी वीस मिनिटं लावली. का? लाज वाटली म्हणून. ही त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी चूक. शेवटी बॉसला फोन केला. तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, ‘आधी का नाही सांगितलंस?’ आणि ऑफिसच्या माणसांनी तिकडूनच फोनमधला कंपनीचा सगळा डेटा पुसायचा आदेश सोडला. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

उरलं माझं स्वतःचं. मला पाठ असलेला जगातला एकमेव नंबर म्हणजे आईचा. डोंबिवलीत तेव्हा रात्रीचे साडेअकरा. पहिला कॉल तिने घेतला नाही, दुसराही नाही. घेणार कशी? ‘परदेशातल्या अनोळखी नंबरचा फोन घ्यायचा नाही’ हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिसऱ्यांदा घेतला.

‘आई, मी बोलतेय. फोन चोरीला गेला.’

शांतता. मग पोलिसी आवाजात, ‘हल्ली आवाजाची नक्कल करतात म्हणे. तू लहानपणी कशावरून पडली होतीस?’

‘अगं आई! कराडला, मामाकडे, पेरूच्या झाडावरून!’

‘हात कुठला मोडला?’

‘डावा!’

‘बरं. बोल आता.’

पुढची सूत्रं धाकट्या भावाने हलवली. सिम बंद, दोन्ही कार्डं बंद, यूपीआय बंद. आई ज्या टॅबवर रेसिपी बघते, त्यावर माझंच गुगल खातं चालू होतं. त्या टॅबवर ‘ही तुम्हीच का?’ असा प्रश्न आला, भावाने ‘हो’ दाबलं आणि मी माझ्याच घरात शिरले. फोन लॉक केला, मग आतलं सगळं पुसून टाकलं. पोलिसांकडे तक्रार द्यायला आयएमईआय नंबर हवा होता. तो भावाने माळ्यावरचा फोनचा खोका शोधून वाचून दाखवला. पैसे वाचले. आजीच्या शेवटच्या दिवाळीचे व्हिडिओ मात्र गेले. बॅकअप ‘नंतर करू’ म्हणून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी साग्रादा फामिलिया बघायला गेलो. तिकिटं अर्थातच कलीगच्या फोनवर. १८८२ साली सुरू झालेलं हे चर्च अजून बांधून होतंय. आत खांब झाडांसारखे वर जाऊन फांदावतात आणि रंगीत काचांतून ऊन सांडतं. हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं तो आंतोनी गाउदी, जून १९२६ मध्ये याच शहरात ट्रामखाली सापडला. अंगावर साधे, जुने कपडे, खिशात ओळखीचा एकही कागद नाही. लोकांना वाटलं, कोणीतरी भिकारी. ओळख पटली ती दुसऱ्या दिवशी, ओळखीची माणसं पोचली तेव्हा. तीन दिवसांनी तो गेला. त्याची समाधी इथेच, तळघरात आहे. तिथे मी जरा जास्तच वेळ रेंगाळले.

आता बॅग भरण्याआधी माझा अर्धा तास ठरलेला. गुगलचे दहा बॅकअप कोड कागदावर, आणि तो कागद पर्समध्ये नाही, बॅगेत. सिमला पिन, म्हणजे चोराने ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ओटीपी मिळणार नाही. गॅलरीतून आधार-पॅन हद्दपार, पिन फक्त डोक्यात. स्क्रीन तीस सेकंदांत बंद. हातातून फोन हिसकावला तर आपोआप लॉक होण्याची सोय अँड्रॉइडवर २०२४ मध्ये आली, ती चालू. फुकटच्या वायफायवर बँकेचं काम नाही. एक कार्ड आणि थोडे युरो दुसऱ्या बॅगेत. आणि बॅकअप? आदल्या रात्री म्हणजे आदल्या रात्रीच!

शेवटचं काम सगळ्यात सोपं. घरातल्या एका माणसाबरोबर एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर कुठल्याही फोनमध्ये नाही. पेरूचं झाड मात्र आता चालणार नाही. ते मी इथे छापून बसलेय. आईने नवा प्रश्न शोधलाय आणि तो ती मलाही सांगायला तयार नाही!