लाल पिठी

जुनी मोटारसायकल घेतलेला माणूस भालकीतल्या माझ्या गॅरेजात आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. एमएच-२४ पासिंगची गाडी घेऊन उदगीरकडून आलेला म्हणतो, "मिस्त्री, गाडी लई व्हायब्रेशन मारतीय." केए-३९ वाला इथलाच असतो, तो त्यातच 'नडुक' हा कानडी शब्द घालतो. दुसरं वाक्य दोघांचं एकच, "इंजिन खोलावं लागंल का?"

मी आधी हँडल बघतो. पंधरा वर्षांच्या गाडीच्या मुठीवर कोरा फोम आणि पायाखाली कोरे रबर दिसले, की विकणाऱ्याला थरथर ठाऊक होती हे कळतं. सौद्याच्या वेळी इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर संशय पक्का.

तरीही सगळी थरथर रोगाची नसते. एका सिलिंडरच्या इंजिनाची काही थरथर जन्मजात. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो. त्याला तोल म्हणून क्रँकच्या उलट बाजूला वजन दिलेलं असतं, पण ते साधारण निम्माच हिशेब चुकता करतं. पुरता चुकवायला गेलं तर उभी थरथर आडवी होते, एवढाच फरक. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. एवढा पिस्टन एवढा लांब वर-खाली पळणार म्हणजे अंग हलणारच. २०२० साली आलेल्या मीटिअर ३५० मध्ये बॅलन्सर शाफ्ट आला आणि हात सुखावले, तेव्हा माझी दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं अक्षरशः हळहळली. स्प्लेंडरचं तसं नाही. शंभर सीसीच्या आतलं इंजिन, हलका पिस्टन. पन्नासच्या वेगाला तिच्यावर बोटं बधिर व्हायला लागली, तर तिला काहीतरी लागलंय.

काय लागलंय ते रस्ता सांगतो. बिदरच्या रस्त्याला गाडी साठवर नेतो आणि क्लच दाबतो. थरथर गेली तर इंजिनाकडे बघायचं, राहिली तर चाकं, चेन, कोन सेट. अंगालाही फरक कळतो. साठच्या वेगाला चाक सेकंदाला नऊएक फेरे घेतं, आणि छोटं इंजिन टॉप गिअरला नव्वदच्या आसपास. म्हणून चाकाचा दोष हेलकाव्यासारखा येतो, सीट डुलते. इंजिनाचा दोष मुंग्यांसारखा येतो, तळव्यात आणि पोटऱ्यांत. पावसाळ्यात काळ्या रानातून आलेल्या गाडीच्या रिमला आतून चिखलाचा गोळा वाळून बसलेला असतो. तो खरवडला की निम्मे हेलकावे जागच्या जागी बरे होतात. त्याचे मी पैसे घेत नाही.

इंजिनाकडे बोट गेलं, तरी इंजिन खोलायचं नाही. आधी फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे. बोल्ट सैल पडला की लोखंडावर लोखंड घासतं आणि वॉशरच्या कडेला तांबूस पिठी जमते, पिंजरीसारखी. ॲल्युमिनियमच्या कानाशी घासलं तर पिठी काळपट. पुस्तकात हे सोपं आहे. आमच्याकडे पंचाईत अशी की बिदर-हुमनाबादकडची माती लाल आणि भालकीकडची काळी. दोन्ही खुणा झाकायला मुलूख टपलेलाच. बिदरी कामाचे कारागीर किल्ल्यातली माती जिभेवर ठेवून पारखतात. माझ्यावर अजून तेवढी वेळ आलेली नाही. मी बोटांत चोळतो. माती खरखरते, बोल्टची पिठी गुळगुळीत लागते आणि रेघांत शिरून बसते. तरी शंका राहिली तर फडक्याने कोरडं पुसायचं, बोल्टवरून फ्रेमवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची, दहा किलोमीटर फिरून यायचं. रेघ तुटलेली असेल किंवा पिठी पुन्हा आली असेल, तर वेगळा पुरावा नको.

हे शहाणपण मला महागात मिळालं. म्हणजे मला नाही, एका मास्तरांना. गॅरेज टाकून दोनच वर्षं झालेली. औराद तालुक्यातल्या शाळेवर जाणाऱ्या सरांनी जुनी दीडशे सीसी घेतली होती. हातांना मुंग्या येतात, म्हणाले. मी सरळ इंजिन उतरवलं, बोअर करून ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातला. आठ दिवस गेले. चालू करून बघतो तर थरथर होती तेवढीच. सर काही बोलले नाहीत, पैसे देऊन गेले. पंधरा दिवसांनी गाडी धुवायला आली तेव्हा वरच्या मागच्या बोल्टशी ती पिठी दिसली. पाणी मारल्यावर माती वाहून गेली, ही तिथंच. इंजिन उतरवताना तोच बोल्ट मी काढला होता आणि तसाच परत लावला होता. बोल्ट काढला तर ब्रॅकेटचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं. अशा भोकात नवा बोल्ट घट्ट बसत नाही, बसल्यासारखा वाटतो. बिदरला लेथवर बुश करून घेतला, वेल्डिंग केलं. मग सगळे बोल्ट सैल ठेवून इंजिन आपल्या जागी बसू दिलं आणि पाळीपाळीने आवळले. एकच बोल्ट ओढून आवळला तर फ्रेम ताणाखाली राहते आणि थरथर नुसती जागा बदलते.

सगळ्या कामाला गॅस्केट सेटएवढेही पैसे लागले नाहीत. सरांना खरं काय ते सांगून टाकलं.

"मग ते आठ दिवस काय केलंत?" सरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

घासलेला सिलिंडर परत भरता येत नाही. तो ०.५० चा पिस्टन आजही चालतोय, बुशही टिकलाय. सर सर्व्हिसिंगला येतात, गाडी स्टँडवर लावतात आणि माझ्या हातात पाना दिसला की विचारतात, "आज काय खोलणार?"