धार आणि फवारा

मोटार बिघडली म्हणजे ती कारागिराच्या हवाली करावी आणि आपण समोरच्या हॉटेलात चहा घेत बसावे, असा सुशिक्षित गृहस्थांचा सर्वमान्य संकेत आहे. तो मोडण्याची आम्हांस हौस नव्हती. परंतु आखाडा बाळापुराहून आठवड्यातून दोनदा घरातील वृद्ध माणसास डायलिसिसकरिता वारंगा फाट्यावरून नांदेडास न्यावे लागते. आणि ज्या गाडीतून न्यावयाचे तीच चढावर आचके देऊ लागली, तर हा संकेत पाळणे कठीण होते. एका कारागिराने दोन मिनिटे इंजिनाचा आवाज ऐकून निर्णय दिला, "चारही इंजेक्टर बदला, म्हणजे कटकट मिटली." निर्णय खरा असेलही; पण चौघेही एकाच दिवशी आजारी पडावे, हे काही आमच्या मनास पटेना.

इंजेक्टर म्हणजे वस्तुतः विजेने उघडणारी एक लहानशी झडप. आत एक सुई असते, तिला स्प्रिंगने दाबून धरलेले असते. वेटोळ्यातून वीज वाहिली की सुई केसभर उचलली जाते आणि सेकंदाच्या काही सहस्रांश भागांत पुन्हा मिटते. तेवढ्या अवधीत, हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट दाबाखाली असलेले पेट्रोल बारीक छिद्रांतून बाहेर पडते. ते फवारा होऊन पडले तर हवेत मिसळून नीट जळते. धार होऊन पडले तर अर्धवट जळते आणि इंजिन अडखळते. जर्मनीच्या बॉश कंपनीने विजेवर चालणारी ही व्यवस्था 1967 साली फोक्सवॅगनच्या गाडीत बसविली. आपल्याकडे मात्र 1983 साली आलेली मारुती 800 पुष्कळ वर्षे कार्ब्युरेटरवरच धावत होती. कार्ब्युरेटर उघडून, फुंकर मारून साफ करणारे हात गावोगावी होते. इंजेक्टर आला आणि ते हात एकाएकी संकोचले.

इंजेक्टर मळतो तो कशाने? आमच्याकडे सर्व दोष धुळीवर ढकलण्याची रीत आहे, आणि हळदीच्या हंगामात रस्त्यावरील पिवळसर धुरळा पाहिला म्हणजे ते खरेही वाटते. पण बाहेरची धूळ हवेच्या गाळणीत अडते, पेट्रोलमधील कचरा इंधनाच्या गाळणीत. इंजेक्टराच्या तोंडाशी साचतो तो पेट्रोलचाच अवशेष. मौज अशी की गाडी चालत असताना तो फारसा साचत नाही. वाहते पेट्रोल टोकास थंड ठेवते आणि धूतही राहते. इंजिन बंद केले की वारा थांबतो, पाणी फिरणे थांबते, आणि तापलेल्या धातूची सारी उष्णता त्या टोकाकडे सरकते. तेथे उरलेल्या थेंबातील हलका अंश उडून जातो आणि जड अंश राळेसारखा चिकटून राहतो. म्हणजे नांदेडच्या लांब फेऱ्यांपेक्षा घरापासून बाजारापर्यंत, बाजारापासून शाळेपर्यंत अशा आमच्या फुटकळ फेऱ्याच गाडीस अधिक बाधत होत्या. पायी जाता येईल तेथे पायी जावे, हा वडिलधाऱ्यांचा उपदेश इंजेक्टरासही मानवतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

साफसफाईपूर्वी निदान हवे. इंजिन संथ चालू ठेवून आम्ही एकेका इंजेक्टराची विजेची जोडणी क्षणभर काढून पाहिली. ज्याची जोडणी काढताच इंजिन मंदावते तो निरोगी. ज्याची काढूनही काही फरक पडत नाही तेथे रोग. (स्पार्क प्लगची जोडणी काढून ही परीक्षा करू नये, न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकारकात जाऊन तो भाजतो.) तिसऱ्या सिलिंडरपाशी इंजिन ढिम्म राहिले. तेथील प्लग आणि कॉइल दुसऱ्याशी अदलाबदल करून पाहिली, तरी दोष तिसऱ्याचाच राहिला. मीटर लावला तो वेटोळ्याचा रोध चौघांचा जवळजवळ सारखा, बारा ते सोळा ओहमच्या दरम्यान. वीज शाबूत होती. राहता राहिला मळ.

पुढील कृती सांगताना आमचा स्वर थोडा कडक होईल, त्यास इलाज नाही. इंजिन बंद केले तरी नळ्यांत पेट्रोल दाबाखाली उभे असते. म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग ते पुरते निवू द्यावे आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. हे काम पडवीत नव्हे, उघड्या अंगणात करावे. आम्ही स्वयंपाकघरातील शेगडी बंद करविली, मुलांस शेजारी धाडले, जवळ वाळूची बादली ठेवली, डोळ्यांस चष्मा आणि हातांस मोजे चढविले. घरच्या मंडळींस हा सोहळा वाटला. पेट्रोलच्या वाफेस मात्र एक ठिणगी पुरते.

इंजेक्टर काढून त्यांवर क्रमांक घातले. रबरी नळीच्या तुकड्याने क्लीनरचा डबा एकेकास जोडला, आणि लांब तारांच्या टोकाशी, वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर ठेवलेल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीने क्षणाक्षणाने टिचकी दिली. वीज सलग देऊ नये, वेटोळे जळते. टक्, टक् असा आवाज होई आणि काचेच्या बरणीत फवारा पडे. पहिला, दुसरा, चौथा यांचे शंकू सुरेख. तिसऱ्याने मात्र बारीक, वाकडी धार सोडली, जणू गळका नळ. त्यास वारंवार उलटसुलट धुतले, काही काळ भिजत ठेवले, पुन्हा धुतले. बरणीत तपकिरी पाणी उतरले. दुपार कलता धार फुटली, तिचा पंखा झाला आणि शेवटी शंकू. चौघांस नव्या रबरी कड्या, कड्यांस तेलाचे बोट. सर्व जोडून, किल्ली दोन-तीनदा नुसती फिरवून, कोठे पाझर नाही ना हे पाहिले आणि मगच इंजिन चालू केले. मळके द्रावण गटारात न ओतता जुन्या ऑइलसह गॅरेजात पोहोचविले.

टाकीत ओतावयाच्या बाटल्या बाजारात मिळतात, त्यांचीही चौकशी आम्ही केली होती. पॉलिएथरअमाइन असलेली बाटली कोवळा मळ हळूहळू सोडविते. बंद पडलेले तोंड तिने उघडेलच असे नाही आणि जळलेले वेटोळे तर मुळीच सुधारणार नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्यावर उसाचा अंश जाळीत आपण धावतो, ही कल्पना आम्हांस आवडते. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, यास्तव गाडी महिनोन्महिने उभी ठेवणे बरे नव्हे.

ही वार्ता गल्लीत पसरली. दुसऱ्याच दिवशी एक शेजारी आपली डिझेल जीप घेऊन दारात हजर! "गुरुजी, आमच्या बी गाडीचं बघा की." आम्ही हात जोडले. डिझेलच्या नव्या इंजिनांत दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो; तेथील सूक्ष्म धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि हात कापण्याची पाळी आणते. बरणी, बॅटरी आणि क्लीनरचा डबा घेऊन तेथे जाणे हे धाडस नव्हे, मूर्खपणा होय. शेजाऱ्यांस हे ऐकून किंचित राग आला. पण दाबाचा आकडा दोनदा सांगितल्यावर ते जीप वळवून नांदेडच्या यंत्रशाळेकडे निघाले, आणि जाता जाता आमच्या घरची डायलिसिसची फाइलही पुढे नेऊन देण्याचे त्यांनी कबूल केले.