मोहाला दहापैकी किती?

होळीला हॉस्टेलचे तिघे आमच्या पाड्यावर आले, अक्कलकुवा तालुक्यात. पुण्यात बिअरला देतात तसे मोहाच्या दारूला गुण द्यायचे, म्हणून वहीत तक्ता आखलेला: रंग, वास, चव. मला लाजच वाटली. फर्स्ट इयरला मी घरी ‘शेती’ एवढंच सांगितलं होतं.

आजीने गेल्या चैत्रात पहाटे वेचून वाळवलेली फुलं आंबवली होती. चुलीवर मडकं, वर गार पाण्याचं भांडं. एकजण ओरडला, "अरे, हे तर आपलं डिस्टिलेशन!"

आजीने पहिली धार याहा मोगीच्या नावाने जमिनीवर सांडली. सगळे गप्प. रंग, वास लिहिले. चवीपुढे आकडा कुणीच टाकला नाही.

आता कुणी विचारलं तर सरळ सांगतो, आजी मोहाची गाळते. पहिली धार देवीची.