ठाण्याला जाते

डोंबिवलीत 'ठाण्याला जाते' म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "कामाला ना?" ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. विनोदही तेवढाच जुना असावा. शाळेत कुणी विचित्र वागलं की "याला ठाण्याला टाका रे" असं मीही म्हटलेलं आहे. त्यामुळे गेल्या वर्षी मी दर शनिवारी खरोखरच ठाण्याला जायला लागले, तेव्हा घरी सांगितलं की जावाचा क्लास लावलाय. सहा वर्षं जावातच काम करणाऱ्या मुलीला जावाचा क्लास कशाला, हे आईच्या लक्षात आलं नाही, की लक्षात येऊनही ती गप्प बसली, ते मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात ९ जून २०२५ ची. त्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारातली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. माझी गाडी मागे खोळंबली होती. लेडीज डब्यात एकीच्या मोबाइलवर बातमी आली आणि सगळ्याजणी आपापल्या घरी फोन लावायला लागल्या. माझा धाकटा भाऊ माझ्या आधीच्या गाडीने घाटकोपरला जातो, दारातच उभा राहतो. त्याचा फोन पंचवीस मिनिटं लागला नाही. नंतर लागला. फोन बॅगेत होता, त्याला काही झालेलं नव्हतं.

मला मात्र झालं. दिवा सोडलं की हात गार पडायचे, छातीत धडधड, आता आपण पडणार असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल आला. मग मी रोज सकाळी भावाला फोन करायला लागले. पोचलास का? कुठे आहेस? दारात नाहीस ना? ऑगस्टपर्यंत हे फोन दिवसाला सात-आठ झाले. एक दिवस तो ऑफिसातून ओरडला, "ताई, लोक हसतात इथे. तू माझी आई नाहीयेस." दुसऱ्या दिवसापासून त्याने माझा फोन उचलणंच बंद केलं.

पहिली थेरपिस्ट ॲपवर मिळाली. बंगळुरूची, माझ्याच वयाची, अतिशय सभ्य. सगळं इंग्रजीत. "त्या वेळी काय वाटलं?" असं तिने विचारलं की मी स्टँडअप मीटिंगसारखं उत्तर द्यायचे: काल अटॅक दोन, आज एक, ब्लॉकर काही नाही. सकाळची डोंबिवली फास्ट म्हणजे काय, हे तिला समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी ती म्हणाली, थोडी कमी गर्दीची गाडी पकडता येईल का? मी 'शुअर' म्हणाले. चार सेशन्सनंतर पुढचा स्लॉट बुक केला नाही, बस्स. तिची चूक काहीच नव्हती. तिने विचारलंही असतं, पण मी उत्तरच दिलं नाही.

दुसऱ्या काउन्सेलर डोंबिवलीतच, घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यांनी मला "बाळा" म्हटलं, चहा दिला आणि मुलगी अठ्ठावीसची झाली की मन अस्थिर होतंच, असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात भिशीहून आलेल्या आईने विचारलं, "तुला काय कमी आहे गं, की बाहेर जाऊन सांगावं लागतं?" २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, हे मी नंतर वाचलं. वाचून आणखी चिडले. आईला सांगितलं, जाणं बंद केलंय.

गंमत म्हणजे आमच्या फॅमिली ग्रुपवर डॉ. आनंद नाडकर्णींचे व्हिडिओ टाकते ती आईच. त्यांनी १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, म्हणून आमच्याकडच्या कितीतरी घरांत 'आयपीएच' हा शब्द तरी माहीत असतो. व्हिडिओ चालतो. आपली मुलगी चालत नाही.

मग मी इंजिनीयरने करावं तेच केलं, एक्सेल शीट उघडली. वाचताना कळलं की औषध मानसोपचारतज्ज्ञ देतो, सायकॉलॉजिस्ट नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र छोटासा कोर्स करूनही लागलेली दिसते. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेलंही सापडलं: थेरपी कुठलीही असो, दोघांचं ध्येय एक हवं, त्यासाठी काय करायचं यावर एकमत हवं आणि आपसात विश्वासाचं नातं हवं. माझ्या पहिल्या खेपेला दुसरं नव्हतं, दुसऱ्या खेपेला तिन्ही नव्हती. (रात्री दोन वाजता हे सगळं शोधायचं बळ नसतं. तेव्हा टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. मी एकदा लावलाय.)

सहा जणांना फोन केले. शिक्षण काय, नोंदणी आहे का, पॅनिकसाठी कुठल्या पद्धतीने काम करता, फायदा होतोय हे कसं ओळखायचं? एकाने विचारलं, "इंटरव्ह्यू घेताय का?" त्याच्या नावापुढे लाल रंग भरला. नौपाड्यातल्या मॅडमनी सगळी उत्तरं दिली आणि वर म्हणाल्या, "तीनदा या. मग ठरवू, मी तुमच्यासाठी बरोबर आहे का. नसेन तर दुसरं नाव देईन."

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, कुठल्या भाषेत बोलणार? मी सवयीने इंग्रजी म्हणाले. दहा मिनिटं ऐकून त्या म्हणाल्या, "भावाशी भांडता कुठल्या भाषेत?" मी हसले. आणि मग तोंडातून निघालं, "तो मेला असता तर?" हे वाक्य मी इंग्रजीत कधी बोललेच नव्हते. इंग्रजीत ते ॲंग्झायटी होतं, मराठीत माझा भाऊ मेलेला होता. पुढची वीस मिनिटं मी फक्त रडले.

पण मॅडम मला लगेच आवडल्या असं नाही. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "त्याने फोन उचलला की तुम्हाला बरं वाटतं. बरं वाटतं म्हणूनच उद्या पुन्हा करावा लागतो. त्या फोनवर तुमची भीती पोसली जातेय." मला भयंकर राग आला. काळजी करणं म्हणजे आजार? पुढच्या शनिवारी गेले नाही. ठाण्याला उतरून गोखले रोडवर नुसती फिरले, कुर्ता घेतला आणि परत आले.

त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र गेले आणि सांगितलं, मला तुमचा राग आलाय. त्यांनी वही बाजूला ठेवली. "कुठल्या शब्दाचा?" मी म्हणाले, "पोसली." त्यावर आम्ही तासभर बोललो. त्यांनी शब्द बदलला, मुद्दा बदलला नाही. एक्सेल शीट मी त्या रात्री डिलीट केली.

मग ठरलं ते असं: आधी सकाळी एकच फोन, तोही ठाण्याला उतरल्यावर. नंतर एक दिवसाआड. धडधड झाली तर होऊ द्यायची, दिवा ते मुंब्रा किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघायचं आणि धडधड कधी उतरते तेही. पहिले दोन आठवडे वाईट गेले. एकदा मी कळव्याच्या आसपास शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या हातात आवळासुपारी ठेवली.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी फोन केला नाही. दिवा गेलं, मुंब्रा गेलं, हात गार होते. मोबाइल वाजला. भाऊ.

"ताई, आज फोन नाही केलास? बरी आहेस ना?"

"गाडीत आहे रे," मी म्हणाले. "गर्दी आहे. ठेव."